चावी सोडली का?

गावातले दोन मास्तर दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून घरी आले, तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं की मी मराठी चौथीत शाळा सोडलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याच्यानं व्हायचं नाही. ते म्हणाले, ते आम्ही बघतो, तुम्ही धंद्यातलं लिहा. मी म्हटलं, बरं. पण अट घातली. वेलांट्या तुमच्या, म्हणणं माझं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अंक परत आणून देईन.

मी स्टोव्ह दुरुस्त करायचो. स्टोव्ह म्हटलं की आताच्या सुनांना गॅसची शेगडी दिसते. ती नव्हे. रॉकेलचा, पंपाचा, पितळी टाकीचा, तीन पायांचा स्टोव्ह. खाली टाकी, तिच्यात रॉकेल. टाकीच्या कुशीत पंप. वर बर्नर, त्याच्या पोटात निपल आणि निपलला केसाएवढं भोक. आधी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा. बर्नर तापला की पंप मारायचा. हवेच्या दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. भोकात कचरा बसला की पिन मारायची. पंप हवा धरेनासा झाला की आतला चामड्याचा वायसर बदलायचा. बाकीचे मिस्त्री वायसर तसाच कोरडा घालायचे. मी तो दिवसभर खोबरेलात बुडवून ठेवायचो. माझा वायसर दोन पावसाळे काढायचा. दुसऱ्याचा गणपती बघायचा नाही.

आणि चावी. टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो, त्याला आमच्याकडे चावी म्हणायचे. चावी आवळली की हवा आत राहते, स्टोव्ह पेटता राहतो. चावी सोडली, म्हणजे सैल केली, की फुस्स करून हवा बाहेर आणि स्टोव्ह बंद. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं या चावीवर आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली मी अलिबागच्या बाजारात दुकान घातलं. दुकान म्हणजे एका किराणावाल्याच्या दुकानाची पायरी आणि वर पत्रा. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. समुद्र जवळ, खारा वारा, त्यामुळे स्टोव्हचे पाय वर्षात गंजून तांबडे व्हायचे आणि पितळ हिरवं पडायचं. मुंबईचा स्टोव्ह वीस वर्षं चालतो, आमचा दहा. म्हणून मुंबईच्या मिस्त्रीला दहा वर्षांत जेवढं कळायचं तेवढं मला पाचात कळलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. हिशेबच तसा आहे.

मला शिकवणारा कोणी नव्हता. एक मोडका स्टोव्ह उघडला, बसवला, पुन्हा उघडला. पुढे पुढे तर मी कानानं ओळखायचो. बाई स्टोव्ह पेटवून दाखवू लागली की मी दुसरीकडे बघत ऐकायचो आणि सांगायचो, तुमचं निपल झिजलं आहे.

कोळीवाड्यातली हिराबाय माझं जुनं गिऱ्हाईक. डोक्यावरच्या पाटीत मासळी आणि मासळीवर स्टोव्ह, अशी यायची.

"दामू, माजा स्टो मुका झाला रं. परवा चांगला गुरगुरत होता, आज बोलत न्हाय."

मी बर्नर उलटा करून ठोकला तर आतून चिमूटभर खवले पडले.

"हिराबाय, तू यावर मासळी शिजवतेस की यालाच मासळी भरवतेस?"

"तुला काय करायचं हाय? पिन मार आन दे. घरवाला बंदरात लागला हाय. त्याला काय तुजं त्वांड वाढू?"

लोक हसायचे, मीही हसायचो. पण तिचा स्टोव्ह दुरुस्त करून मी पेटवून दाखवायचो तेव्हा तो गुरगुरायला लागला की ती मान डोलवायची. तेवढ्यासाठी मी तिच्या शिव्या खायचो.

आता हसण्यावारी न नेण्याची गोष्ट. बाजाराच्या मागच्या आळीत एका घरी स्टोव्हचा भडका झाला आणि घरातली बाई भाजली. नाव लिहीत नाही, तिची मुलं अजून आहेत. स्टोव्ह माझ्या हाताखालून गेलेला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी बाजारात लोक माझ्याकडे बघत होते. मी तो जळका स्टोव्ह मागून आणला आणि समोर ठेवून बसलो. निपल ठीक. वायसर ठीक. चावी मात्र घट्ट आवळलेली. मग डोक्यात उजेड पडला. बाईनं सकाळी भात उतरवला, पण हवा न सोडता नुसती फुंकर घालून स्टोव्ह विझवला. टाकीत दाब तसाच. त्या दाबानं रॉकेल थेंब थेंब वर चढत राहिलं आणि बर्नरखालच्या वाटीत साचलं. संध्याकाळी तिनं काडी लावली, ती बर्नरला नव्हे, वाटीभर रॉकेलला लागली.

त्या दिवसापासून मी दुरुस्तीबरोबर शिकवणी सुरू केली. स्टोव्ह परत देताना बाईला समोर बसवायचं आणि सांगायचं: काम झालं की चावी सोडायची. कान लावायचा. फुस्स ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. टाकीत हवा ठेवून पाठ फिरवायची नाही. थळपासून रेवदंड्यापर्यंत मी हे शेकडो बायकांना सांगितलं असेल. इतकं सांगितलं की बाजारात कोणी बाई भेटली तर मी नमस्काराच्या जागी विचारायचो, "चावी सोडली का?" आणि ती म्हणायची, "सोडली हो सोडली." लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बायका मला बघून आपण होऊनच सांगायच्या, "सोडली मिस्त्री, आता जेवा सावकाश."

माझ्या एकाही गिऱ्हाइकाच्या घरी त्यानंतर भडका झाला नाही. एकाच्याही.

पुढे साठ साल मागे पडलं आणि आमच्याकडे गॅस आला. त्याच्याबरोबर गॅस बसवणारा साळवी आला.

साळवीबद्दल लिहिताना मी आधी लिहिलं होतं की मला त्याचा राग यायचा. ते खोडलं. राग नव्हता. जळत होतो मी. स्टोव्हवाल्यानं जळावं यात नवल नाही म्हणा, पण मी नुसता धुमसत होतो आणि भांड्याला काही आच लागत नव्हती.

पंचविशीतला पोरगा. खाकी फुलपँट, खाकी टोपी, कातडी पिशवी. मुंबईला शिकून आलेला, आणि त्याचा कागद होता त्याच्याकडे, सही-शिक्क्याचा. दारात बूट काढायचा, आत पायमोजे. लोक त्याला ओटीवर बसवून कपबशीत चहा द्यायचे. मला वीस वर्षांत कपबशी मिळाली नव्हती. माझा चहा मागच्या दारी, पितळी पेल्यात, आणि पेला मीच विसळून पालथा घालायचा. तेव्हा ते वावगं वाटत नव्हतं. साळवीची कपबशी बघितल्यावर वाटायला लागलं.

आणि त्याच्या शेगडीची ती ज्योत! निळी आणि मुकी. माझा स्टोव्ह मुका झाला की बिघडला समजायचं. त्याची शेगडी मुकी असेल तर उत्तम चालली आहे. म्हणजे माझा कानही फुकट गेला.

घरी आमचं कुटुंब, यशोदा, बाजारातून आली की गॅसच्याच गोष्टी. "अहो, भांड्याला काजळीच नाही. घासायला नको, नुसतं विसळायचं. आणि तो साळवी, एवढं यंत्राचं काम करतो, पण नखातसुद्धा काळं नाही हो त्याच्या."

मी माझ्या नखांकडे बघितलं. त्या संध्याकाळी मागच्या दारी बसून चिंच आणि राखेनं अर्धा तास हात घासले. ती दारातून बघत होती. हसली. काळं काही गेलं नाही.

यशोदा नागावची. तिचा बाप नागावला माईंच्या वाडीत नारळ पाडायचा, शिंपण करायचा. वाडीच्या कडेलाच त्यांचं घर. माई म्हणजे त्या वाडीच्या मालकीणबाई, साठीच्या पुढच्या, स्वयंपाकात कोणाचं न ऐकणाऱ्या. त्यांचे चिरंजीव अण्णा अलिबागला कचेरीत होते. सून सुधाताई. या घरी माझे दोन स्टोव्ह वर्षानुवर्षं होते, आणि माई म्हणजे माझ्या शिकवणीतला पहिला नंबर. चावी सोडली की अशी मान वाकवून कान लावायच्या, जशी काही पोथी ऐकतायत.

नागावात पहिला गॅस त्यांच्याच घरी आला. अण्णांनी हौसेनं आणला. साळवीनं सांगितलं, शेगडी जमिनीवर चालणार नाही, सिलिंडरच्या वर हवी, ओटा बांधा. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, तेव्हा मला पटलं नाही इतकंच. माई म्हणाल्या, उभ्यानं स्वयंपाक मी करायची नाही, ही काय खाणावळ आहे? शेवटी जिथे चूल होती तिथेच अण्णांनी ओटा बांधला आणि माईंनी पंधरा दिवसांत उभं राहून स्वयंपाक करायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, निदान माई तरी टिकतील. त्याही गेल्या.

मग एक दिवस बाजारात बातमी आली. नागावला माईंच्या घरी गॅसचा वास येतो. रोज नाही आणि दिवसभर नाही. चारच्या चहाला. सुधाताई चहा ठेवायला जातात, शेगडीचा एक बर्नर पेटवतात, आणि भपकन वास सुटतो. घाबरून सगळ्या जणी सगळ्या चाव्या आवळतात, दारं उघडतात. साळवी येतो, साबणाचा फेस करून नळीला, जोडांना, चाव्यांना लावतो. गळत असेल तिथे बुडबुडा येतो. बुडबुडा कुठेच नाही. त्यानं नळी बदलली. वास आला. त्यानं शेगडी बदलली. वास आला.

मला किती आनंद झाला ते कसं सांगू? दिवसभर गुणगुणत होतो.

अण्णांनी माझ्याकडे निरोप पाठवला, माळ्यावरचा जुना स्टोव्ह काढला आहे, येऊन बघून जा. श्रावणातला मंगळवार होता. मी सायकलनं नागावला गेलो. अण्णा कचेरीला निघतच होते. मला म्हणाले, "मिस्त्री, शनिवारपर्यंत बघणार. वास गेला नाही तर सिलिंडर परत. पुन्हा तुमचेच स्टोव्ह."

मी मागच्या पडवीत बसलो, टाकी पायांत धरली, पंप काढला. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. जेवणं झाली. दुपारचा स्वयंपाक माई स्वतः करायच्या, आवरायच्याही स्वतः. सकाळ-संध्याकाळ सुधाताई. तर माईंनी वाकून आधी सिलिंडरची मोठी चावी बंद केली. साळवीनं शिकवलं होतं तसंच. शेगडीची ज्योत लहान होत होत गेली. आता शेगडीच्या दोन्ही चाव्या बंद करायच्या, की झालं. माईंनी दोन्ही चाव्यांना हात घातला आणि त्या पार सैल करून ठेवल्या. दोन्ही. मग मान वाकवली, कान लावला, क्षणभर थांबल्या, आणि पदराला हात पुसून बाहेर आल्या.

माझ्या हातात वायसर होता तो तसाच राहिला.

माई चावी सोडत होत्या. मी शिकवलं होतं म्हणून. सिलिंडर म्हणजे त्यांच्या लेखी मोठी टाकी. टाकीत हवा ठेवून पाठ फिरवायची नाही. साळवीचं अर्धं आणि माझं अर्धं, असं दोन्ही त्या नेमानं करत होत्या. तेव्हा काही होत नसे, कारण सिलिंडर बंद. पण चार वाजता सुधाताई सिलिंडर उघडायच्या आणि शेगडीचा एक बर्नर पेटवायच्या. दुसरा बर्नर न पेटवता उघडाच. त्याच्यातून गॅस. वास आला की घाबरून सगळं आवळायच्या. साळवी येईपर्यंत सगळं जागच्या जागी. तो बिचारा फेस लावून काय शोधणार? गळती नळीत नव्हती. गळती शब्दात होती. माझ्या.

मी बोलणार होतो. हे खरं आहे, आणि ते मी लिहून ठेवतो. मी तोंड उघडलं. म्हटलं, "माई, त्या गॅसचं जरा..."

"तू नको त्यात डोकं घालू दामू," माई म्हणाल्या. "ते तुझं काम नाही. साळवी शिकलेला आहे, तो बघेल. तू आपला स्टोव्ह बघ." आणि माझ्यासमोर पितळी पेल्यात चहा ठेवला.

मी तोंड मिटलं. तो चहा प्यायलो, पेला विसळला, पालथा घातला. मनात म्हटलं, बघू दे शिकलेल्याला. शनिवारपर्यंत बघू दे.

बुधवार गेला. गुरुवार गेला. मी दुकानात बसून पिना मारत होतो आणि रोज चार वाजले की नागावच्या दिशेला तोंड करत होतो. वास येतो, एवढंच, असं स्वतःला सांगत होतो. दारं उघडतात, जातो. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या तर जातच नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. साळवी घरोघर सांगायचा तेव्हा मी कान देऊन ऐकलं होतं. शत्रूचं बोलणं माणूस लक्ष देऊन ऐकतो.

शुक्रवारी सकाळी यशोदा ठेवणीतलं लुगडं नेसली. जिवतीचा शुक्रवार, माईंकडे हळदीकुंकू. माईंनी तिला माहेरवाशीण म्हणून दर श्रावणात बोलावलं आहे, कधी चुकवलं नाही.

"यंदा दूध गॅसवर तापवणार आहेत," ती सांगत होती. "आळीतल्या सगळ्या बायका बघायला येणार. आणि माईंनी निरोप दिलाय, काडी यशोदेनं ओढायची. पहिल्यांदा ओढेल ती, तिला कळू दे. साळवी पण येणार आहे चारला, सगळ्यांना समजावून सांगायला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. पण तिच्या तोंडावर जे काही होतं ना, ते माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात तिच्या तोंडावर कधी आलं नव्हतं. आणि साळवीचं नाव ऐकलं. डोळ्यांपुढे आलं की दहा-बारा बायकांसमोर वास सुटेल आणि खाकी टोपीला घाम फुटेल. मी म्हटलं, "जा."

ती दुपारच्या गाडीनं गेली.

दोनच्या पुढे हिराबाय आली. होड्या बंदरात उभ्या, त्यामुळे तिला वेळच वेळ. स्टोव्ह माझ्यापुढे आदळला, म्हणाली, "गुरगुरतो हाय, पन इझत न्हाय. चावी फिरत न्हाय त्याची."

मी चावीवर रॉकेल सोडलं, पकडीनं हळूच फिरवली. चावी सुटली. फुस्स.

इतक्या वर्षांत तो आवाज मी हजारदा ऐकला असेल. त्या दिवशी ऐकला आणि पकड खाली ठेवली. यशोदा काडी ओढणार होती. सुधाताई आज तीन दिवस तिथे काडी ओढत होत्या, तेव्हा मी गुणगुणत होतो. आणि आज यशोदा म्हटल्यावर मला चार वाजायची भीती वाटायला लागली. असला माणूस मी, असं मला तिथे पायरीवर बसल्या बसल्या कळलं.

"काय झायला रं?" हिराबाय म्हणाली. "भूत बगितलं का?"

"दुकान बघ," मी म्हटलं आणि सायकल काढली.

पाऊस आडवा होता. छत्री घेतली नव्हती. घेतली असती तरी उलटली असती. नागावच्या रस्त्याला पाणी, चेन दोनदा उतरली. वाडीत शिरलो तेव्हा ओटीखाली चपलांचा ढीग आणि उघड्या छत्र्या. पुढच्या दारानं मी त्या घरात कधी गेलो नव्हतो. मागे धावलो. पडवीतून बघितलं तर स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं, खिडक्या पावसामुळे बंद, दुधाचं पातेलं शेगडीवर, ओट्यापाशी साळवी टोपी हातात घेऊन बोलतोय. सुधाताई खाली वाकून सिलिंडरच्या चावीला हात घालतायत आणि यशोदेच्या हातात काडीपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी ओरडलो, "चावी सोडू नका!"

सगळ्या वळल्या. मी भिजलेला, चिखलानं माखलेला. सुधाताईंचा हात चावीवरच थांबला.

माई पुढे आल्या. जरा दुखावूनच म्हणाल्या, "अरे सोडलीय की! दुपारीच सोडली, जेवणं झाल्याबरोबर. दोन्ही सोडल्यात. तूच शिकवलंस ना? रोज सोडते मी."

साळवी म्हणाला, "सोडल्यात म्हणजे?"

"म्हणजे सोडल्यात! हवा राहायला नको आत."

साळवीनं शेगडीच्या चाव्यांकडे बघितलं. एकीला हात लावला, मग दुसरीला. दोन्ही सैल. तो खाली बसला, सुधाताईंचा हात चावीवरून हलकेच बाजूला केला, उठून शेगडीच्या दोन्ही चाव्या आवळल्या. मग बायकांना म्हणाला, "खिडक्या उघडा आधी. पाऊस आला तरी चालेल."

काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही. वाससुद्धा आला नाही. दूध तापलं, यशोदेनंच काडी ओढली. साळवीनं सगळ्यांना पुन्हा नीट सांगितलं की गॅसला आवळणं म्हणजे बंद आणि सोडणं म्हणजे चालू, स्टोव्हच्या अगदी उलट. माई कपाळावर हात मारून हसल्या. मग मला विचारलं, "पण दामू, तुझ्या कसं लक्षात आलं रे?"

मी म्हटलं, "आताच आलं. दुकानात हवा सोडताना."

"बघ! साळवीला आठ दिवसांत कळलं नाही ते याला अलिबागला बसून कळलं!" आणि माईंनी मला ओटीवर बसवलं. कपबशीत दूध दिलं. वीस वर्षांत पहिली कपबशी. मी ती धरून बसलो होतो आणि दुधावर साय धरत होती.

परत येताना पाऊस थांबला होता. यशोदा गाडीनं आली नाही, माझ्याबरोबर चालत निघाली. मी सायकल हातात धरून. नागावची हद्द संपेपर्यंत ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

मग म्हणाली, "मंगळवारी तुम्ही माईंकडे होतात ना? वायसर बदलायला?"

"हो."

"मागच्या पडवीत बसला असाल."

"हो."

"लहानपणी मी तिथेच बसायचे. बाबा नारळ सोलायचे आणि मी माईंच्या चुलीकडे बघत बसायचे, काय शिजतंय ते." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "त्या पडवीतून चूल दिसते."

एवढंच. भांडली असती तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं.

साळवी मात्र दुसऱ्याच दिवशी दुकानावर आला. पायरीवर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "दामूकाका, मला तुमच्या बायकांची भाषा येत नाही. माझ्याबरोबर याल का घरोघर?" मी म्हटलं, मला वेळ नाही. तो रोज आला. मी पाचव्या दिवशी गेलो. चावी सोडायला ज्या बायकांना मी शिकवलं होतं, त्यातल्या ज्यांच्या घरी गॅस आला त्या सगळ्यांना मी पुन्हा समोर उभं केलं. काम झालं की आधी सिलिंडरची चावी आवळा, मग शेगडीच्या आवळा. फुस्सची वाट बघू नका, गॅस बोलत नाही. वास आला तर काडी नाही, दिव्याच्या बटणाला हात नाही, दारं उघडा. नळीला महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावा. बाजारात मी विचारू लागलो, "चावी आवळली का?" बायका म्हणायच्या, मिस्त्री, तुम्ही एकदा काय ते ठरवा.

शिकवायचो मी, आणि आभार मानायच्या साळवीचे. जळणं थांबलं असं मी खोटं लिहिणार नाही. चार-पाच घरी मलाही कपबशी मिळाली, तेव्हा मी त्याच्या कपाला सोनेरी कड आहे का ते बघत होतो.

माझ्या घरी मी गॅस येऊ दिला नाही. यशोदेनं पुन्हा कधी मागितला नाही, आणि तेच मला जास्त टोचत राहिलं. माझे स्टोव्ह चालत होते. होड्यांवर, लग्नघरी, बिऱ्हाडकरूंकडे. शेवटी काही वर्षांनी मीच साळवीला म्हटलं, आमच्याकडे एक बसव.

तो आला. तोवर त्याचेही केस कानांवर पिकायला लागले होते. त्यानं ओटा बघितला, नळी बसवली, फेस लावून दाखवला. यशोदेनं त्याला चहा दिला. मला विचारू नका कशात दिला. मग त्यानं सवयीनं तिची परीक्षा घेतली.

"वहिनी, सांगा. गॅसचा वास आला तर काय करायचं?"

"काडी ओढायची नाही," यशोदा म्हणाली. "दारं उघडायची. आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं लगेच बोलायचं."

साळवी हसला. "हे तिसरं आमच्या पुस्तकात नाही हो."

"आमच्या घरात आहे," ती म्हणाली.

मी खाली बसून जुन्या स्टोव्हची टाकी पुसत होतो. पितळ केव्हाच चकचकीत झालं होतं. मी पुसतच राहिलो.